लाटेक शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रबंधासाठी सरांनी लाटेक (LaTeX, म्हणजे फाइलीत आज्ञा लिहून मजकूर आणि गणित पानावर जुळवायची प्रणाली) सक्तीचं केलंय, हाताशी चार महिने आहेत, तर पुस्तक कोणतं घ्यावं की यूट्यूब पुरेल. आणि शेवटचं एक परिशिष्ट मराठीत टाकायचंय, ते जमेल का.

पुस्तक घेऊ नका. प्रबंध देऊन झाल्यावर हौस उरली तर घ्या. मराठी जमेल, पण त्यावरून माझं आणि माझ्या आत्येभावाचं सात वर्षं वाजलेलं आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत गणित शिकवते. २०१८ साली आमच्या गावच्या नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाली. तुम्ही गोव्यातले, तेव्हा जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पन्नास वर्षांच्या नाटकांची यादी, नटांची नावं, जुने लेख आणि जाहिराती अशी ९६ पानांची स्मरणिका काढायचं ठरलं. सोळा पानी सहा फर्मे (एका वेळी छापला जाणारा पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). काम साहजिकच दादाकडे गेलं. दादा म्हणजे तोच आत्येभाऊ. म्हापशात त्याचं डीटीपीचं दुकान आहे, आणि त्याचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे हे तो दर दोन वाक्यांनंतर सांगतो.

पहिलं प्रूफ आलं तेव्हा अनुक्रमणिकेत पानांचे आकडेच नव्हते. 'ते शेवटी हातानं घालू.' बरं, घातले. मग एका हॉटेलवाल्याची पूर्ण पानाची जाहिरात उशिरा आली, ती नवव्या पानावर गेली, आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले. लेखांच्या आत 'पान ४१ पाहा' असं जिथे जिथे होतं तेही चुकलं. दादाच्या पोरानं पुन्हा हातानं दुरुस्त केलं. मग दुसरी जाहिरात. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं की हे गाढवकाम आहे, संगणक कशासाठी घेतलाय मग? दादा शांतपणे म्हणाला, "मागीर तूंच कर."

मला लाटेक येतं असं मला वाटत होतं. एमएस्सीला सरांच्या फाइलीत आपली समीकरणं घालून मी प्रकल्प केला होता. दुसऱ्याच्या फाइलीत समीकरणं घालणं म्हणजे लाटेक येणं नव्हे, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. मग मी तुमच्यासारखीच पुस्तक शोधायला निघाले. एक जुनं पुस्तक सेकंडहँड मिळालं, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. त्यातली प्रत्येक फाइल 'डॉक्युमेंटस्टाइल' या शब्दानं सुरू होत होती. १९९४ मध्ये लाटेकची नवी आवृत्ती आली तेव्हापासून तिथे 'डॉक्युमेंटक्लास' लिहितात. म्हणजे पुस्तक माझ्या बारशाच्या आसपासचं. मला ते कळायला चार दिवस लागले, कारण जुनी आज्ञा अजूनही कशीबशी चालते. तुम्हाला चार सेकंद लागू देत: 'डॉक्युमेंटस्टाइल' दिसलं की पुस्तक मिटा. समीकरणांसाठी 'ईक्यूएन-अ‍ॅरे' शिकवत असतील तरीही मिटा. त्यात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना विचित्र मोकळी जागा सुटते, आणि ही गोष्ट गणिताच्या परीक्षकाच्या डोळ्यांना खड्यासारखी लागते. एएमएस-मॅथ पॅकेजातलं 'अलाइन' वापरा (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायचा जादा सोयींचा तयार संच).

मराठीचं तर विचारूच नका. इंटरनेटवर मला जो पाठ सापडला त्यात देवनाग नावाची जुनी सोय होती. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी केलेली, आणि त्या काळात खरोखर मोलाची. तिच्यात मराठी रोमन अक्षरांत टाइप करायची, ट लिहायचा तर रोमन टीच्या आधी टिंब द्यायचं, ण लिहायचा तर एनच्या आधी, आणि मग एक वेगळा प्रोग्राम त्याचं देवनागरी करतो. मी तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर टिंबं देत बसायचे. १५५६ मध्ये जुन्या गोव्यात देशातला पहिला छापखाना आला. १६१६ मध्ये राचोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठी असूनही रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळेच नव्हते. चारशे वर्षांनी त्याच गोव्यात मी पुन्हा रोमन अक्षरांत मराठी लिहीत होते, आणि मला वाटत होतं की मी पुढे चाललेय.

फर्मागुढीला इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सोडवलं. त्याला फाइल पाठवली, त्याचा उलट फोन: "टीचर, तीं टिंबां सोडात. झीलाटेक घालून पळयात." झीलाटेक म्हणजे झीटेक या प्रोग्रामवर चालणारं लाटेक, आणि झीटेक २००४ पासून आहे. युनिकोड मराठी थेट लिहायची, संगणकात असलेला कुठलाही देवनागरी फाँट सांगायचा, झालं. त्या रात्री साडेअकरा वाजता आमच्या मंडळाचं नाव पानावर मधोमध, जोडाक्षरांसकट उमटलं, तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

मग दादाला दाखवायला म्हापशाला गेले. त्यानं चष्मा कपाळावर घेतला, कागद डोळ्यांजवळ धरला. "हो ल हिंदी पिक्चराच्या पोस्टराचो." खरंच. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि माझ्या पानावर सगळीकडे दंडाचा ल. मी तीन आठवड्यांत पाहिलेल्या एकाही पाठात हे लिहिलेलं नव्हतं. उपाय एका ओळीचा आहे: फाँटस्पेक पॅकेजात फाँटचं नाव देताना लिपी देवनागरी एवढंच सांगून भागत नाही, भाषा मराठी हेही सांगायचं. फाँटात मराठी वळणाची अक्षरं असतील तर ती आपोआप येतात. सगळ्या फाँटांत नसतात, तेव्हा आधी 'लालशा' असा काहीतरी शब्द छापून बघा. आयआयटी मुंबईचा शोभिका फाँट फुकट आहे, तिथून सुरुवात करा.

आता माझी चूक. जुने लेख दादाकडे जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात होते. ते बदलून युनिकोडमध्ये आणले तेव्हा अर्धचंद्री र सगळा गेला. 'गावकऱ्यांनी'चं 'गावकर्यांनी'. आणि नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत गावकरी, मानकरी, दशावतारी, भंडारी याशिवाय असतं काय? शेकडो ठिकाणी. दादा म्हणाला, वाचून काढ. मी म्हटलं, कशाला? शोधा आणि बदला: जिथे जिथे साधा र्य, तिथे ऱ्य. दोन सेकंदांत झालं. मी तेव्हा काय फुशारले होते!

पहिला फर्मा छापून झाल्यावर छापखान्यातून दादाचा फोन आला. तो हसत नव्हता, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. तिसऱ्या पानावर, चौकटीत, मोठ्या टायपात: काऱ्यकारी मंडळ. त्याच्याखाली काऱ्याध्यक्ष. पुढे एका लेखात नाटकाचे आचाऱ्य आणि उगवता सूऱ्य. री किंवा रा नं संपणाऱ्या नामाला विभक्ती लागली की ऱ्य येतो, बाकीचा र्य साधाच राहतो, हे मी शाळेत शिकलेय आणि मला ते त्या रात्री आठवलं नाही. फर्मा पुन्हा छापला. पैसे मी भरले.

तेव्हापासून घरात कुणाचं लग्न असो की चवथ असो, दादा मला 'काऱ्यकारी' म्हणतो आणि त्यावर त्याचा सिद्धांत ऐकवतो: पुस्तक वाचून आणि व्हिडिओ बघून टाइपसेटिंग येत नाही, ते खिळ्यांच्या खणांपुढे उभं राहून, हात काळे करून येतं. माझं म्हणणं एवढंच, की ती चूक लाटेकची नव्हती. शोधा-आणि-बदला त्याच्याही दुकानात आहे. आणि शेवटच्या आठवड्यात आणखी दोन जाहिराती आल्या, तेव्हा मी त्या घातल्या, फाइल दोनदा चालवली (एकदा चालवून भागत नाही, पहिल्या फेरीत आकडे टिपले जातात, दुसरीत छापले जातात) आणि अनुक्रमणिका, 'पान अमुक पाहा', सगळं आपोआप जागेवर. हे दादानं पाहिलं. पाहिलं आणि चहा मागवला, बोलला काही नाही.

त्याला मी क्नूथची गोष्टही सांगितली होती. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली, ती बघून इतका वीट आला की त्यांनी स्वतःच टेक नावाची प्रणाली लिहायला घेतली. थोडक्यात आटपेल म्हणून सुरू केलेलं काम जवळजवळ दहा वर्षं पुरलं. लेस्ली लॅमपोर्ट यांनी पुढे त्याच्यावर लाटेक उभारलं. दादाचं उत्तर: "धा वर्सां? म्हाका स्मरणिका मार्चांत जाय." (जाय म्हणजे हवी.)

असो, तुमचं. लर्नलाटेक नावाचं संकेतस्थळ आहे, सोळा छोटे धडे, मराठीतही आहेत. दोन रविवारांत होतात. धड्यातली उदाहरणं तिथल्या तिथे चालवून बघता येतात, म्हणून मला ते सगळ्यांत बरं वाटतं. त्यानंतर टोबियास ओटिकर यांचं 'नॉट सो शॉर्ट इंट्रोडक्शन' फुकट उतरवून घ्या. त्याच्या नावातच 'इतक्या मिनिटांत लाटेक' असं आहे, आणि मिनिटं म्हणजे पानं, हा त्यांचा विनोद. सगळं वाचू नका, पहिली दोन प्रकरणं आणि गणिताचं प्रकरण वाचा. पुढे जे अडेल त्यासाठी संगणकाच्या कमांड-पडद्यावर 'टेकडॉक' (texdoc) आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. ज्यांनी पॅकेज लिहिलं त्यांचीच पुस्तिका उघडते, तीही तुमच्याकडे बसवलेल्या आवृत्तीची. मला हे तीन वर्षांनी कळलं. कुठल्याही पाठात हे पहिल्या पानावर असायला हवं.

यूट्यूबबद्दल माझं मत वाईट आहे. बाई किंवा बुवा पाच मिनिटं टाइप करतात, आपण बघत बसतो, आणि कॉपी करायला काही नसतं. त्यातल्या त्यात आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल बरे: लहान आहेत, आणि प्रत्येक पायरी तुम्हीही करून बघा असं ते सांगतात. लॅमपोर्ट यांचं पुस्तक वाचायला गोड आहे, पण दुसरी आवृत्ती १९९४ ची. युनिकोड त्यात शोधू नका. 'लाटेक कम्पॅनियन'ची २०२३ ची आवृत्ती दोन खंडांत आहे. ते शब्दकोशासारखं चाळायचं, ग्रंथालयात मिळालं तर ठीक. क्नूथ यांचं टेकवरचं मूळ पुस्तक आत्ता उघडू नका. मी उघडलं होतं, आणि एक आख्खी मे महिन्याची सुटी गेली.

आणि ही सगळी वाचनं करतानाच प्रबंधाचं पहिलं प्रकरण लाटेकमध्ये लिहायला घ्या, 'आधी शिकतो मग लिहितो' असं करू नका. (होय, हे दादाचंच म्हणणं आहे. त्याला सांगू नका.)

आता जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते: विभागाचा स्वतःचा साचा आहे का, ते सरांना आजच विचारा. असेल तर समास, मुखपृष्ठ, संदर्भसूची हे सगळं त्यातच ठरलेलं असतं आणि माझ्या उत्तराचा निम्मा भाग तुम्हाला लागणार नाही. तो साचा जुन्या पीडीएफ-लाटेकसाठी (संगणकातले फाँट थेट न घेणाऱ्या साध्या लाटेकसाठी) असेल, तर मराठी परिशिष्ट त्यात कोंबू नका. वेगळ्या फाइलीत झीलाटेकनं करा आणि तयार पीडीएफची पानं शेवटी 'पीडीएफपेजेस' पॅकेजनं जोडा. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लाटेकवर, करत असाल तर मेनूतून कंपायलर (पीडीएफ-लाटेक की झीलाटेक) बदलता येतो, पण फुकटच्या खात्यात मोठी फाइल वेळेच्या मर्यादेत अडकते, म्हणून शेवटच्या महिन्यात टेकलाइव्ह (लाटेकचा पूर्ण संच) स्वतःच्या संगणकावर असू द्या. ते काही जीबींचं आहे, घरचं नेट आमच्यासारखं असेल तर कॉलेजातूनच उतरवा.

परिशिष्टात र्य आणि ऱ्य मात्र वाचून, एकेक करून तपासा. आणि दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, भाचीनं तुला दाखवलेलं असेलच. त्या फर्म्याचे पैसे मी केव्हाच भरले. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेची अनुक्रमणिका कुणाच्या फाइलीतून काढलीस, तेही एकदा बैठकीत सांग.