कर्करोग डीएनएतल्या बिघाडाने होतो, तर शास्त्रज्ञ आरएनएवर का काम करतात? रुग्णाला त्याचा काही उपयोग होतो का?

होतो, पण अजून मोजक्याच ठिकाणी. मी रेण्वीय जीवशास्त्र शिकवते. आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप पोचवणारा नुसता निरोप्या, ही पुस्तकातून डोक्यात बसलेली समजूत काढायला मला वर्गात सगळ्यात जास्त वेळ लागतो. तुमचा प्रश्नही तिथेच अडतोय.

जनुकावरून आरएनएची जी पहिली प्रत निघते, ती तशीच वापरता येत नाही. तिच्यातले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून टाकायचे आणि उरलेले एक्झॉन एकमेकांना जोडायचे, असं काम पेशीत आधी होतं. याला स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ साली रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी ते शोधलं, १९९३चं नोबेल त्यासाठीच मिळालं. यात महत्त्वाचं हे, की कुठला एक्झॉन ठेवायचा आणि कुठला गाळायचा ते पेशीनुसार बदलतं. जनुकातलं एक अक्षरही न बदलता त्यातून वेगवेगळी प्रथिनं निघू शकतात, आणि कर्करोगाच्या पेशी याचा पुरेपूर फायदा घेतात.

उदाहरण म्हणून एड्रियन क्रेनर यांचं काम घ्या. मूळचे उरुग्वेचे, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत काम करतात. कुठे कापायचं ते ठरवायला मदत करणारं एक प्रथिन त्यांनी १९९०च्या सुमारास वेगळं केलं. आज त्याला एसआरएसएफ१ म्हणतात. हे प्रथिन नेहमीपेक्षा थोडंसं जरी वाढलं तरी उंदराच्या पेशी कर्करोगी वळणावर जातात आणि त्या उंदरांत टोचल्या तर गाठी होतात, असं त्यांच्या गटाने २००७मध्ये दाखवलं. माणसांच्या अनेक गाठींमध्येही ते वाढलेलं आढळलं.

त्यातलं बीआयएन१चं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. हे जनुक गाठींना आवर घालणारं. एमवायसी हे प्रथिन पेशींची वाढ भडकवतं आणि बीआयएन१चं प्रथिन त्याला धरून ठेवतं. एसआरएसएफ१ वाढलं की बीआयएन१च्या आरएनएत १२ए नावाचा एक जादा एक्झॉन राहून जातो आणि मग त्या प्रथिनाला एमवायसी धरताच येत नाही. बीआयएन१ जनुक तपासलं तर ते धडधाकट दिसेल! बिघाड कळतो तो आरएनए वाचल्यावरच.

या विद्येतून क्रेनर यांच्या हातून जे औषध घडलं, ते मात्र कर्करोगाचं नाही. एसएमए या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारात एसएमएन१ हे जनुक निकामी असतं. त्याचं जोडीदार एसएमएन२ शाबूत असतं, पण त्याच्या आरएनएतून सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गळतो. क्रेनर आणि आयोनिस या औषध कंपनीतले फ्रँक बेनेट यांच्या गटांनी १८ अक्षरांचा, आरएनएसारखा एक कृत्रिम धागा तयार केला. तो त्या आरएनएला चिकटला की सातवा एक्झॉन जागेवर राहतो. हे न्युसिनर्सन, पाठीच्या कण्यातून देतात. अमेरिकेत डिसेंबर २०१६मध्ये मंजूर झालं. (आपल्याकडे १६ कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आल्या होत्या, तो आजार हाच, औषध वेगळं.) जी मुलं बसूही शकली नसती, त्यांतली कित्येक या औषधाने बसू लागली. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

अशाच धाग्याने त्यांच्या गटाने यकृताच्या कर्करोगातल्या पीकेएम जनुकाचं स्प्लायसिंग वळवून पाहिलं. या जनुकाच्या आरएनएत नववा किंवा दहावा, यांपैकी एकच एक्झॉन राहतो, आणि कर्करोगाच्या पेशी सहसा दहावा ठेवतात. नववा ठेवायला लावल्यावर उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. २०२२चं हे काम अजून उंदरांपुरतंच आहे. यकृत निवडण्यामागे व्यावहारिक कारणही आहे: इंजेक्शनने दिलेले असे धागे यकृतात आपसूक साठतात. इतर अवयवांतल्या गाठींत ते पुरेसे पोचवणं फार अवघड आहे.

आज रुग्णाच्या कामी येणारी गोष्ट फुप्फुसाच्या कर्करोगात आहे. काही रुग्णांत एमईटी जनुकाच्या आरएनएतून चौदावा एक्झॉन गळतो. प्रथिन वेळेवर नष्ट करायची खूण याच एक्झॉनमध्ये असते, त्यामुळे ते साठत जातं आणि पेशीला वाढत राहायला सांगतं. यावर कॅपमॅटिनिबसारखी गोळी २०२०पासून आहे. इथे मूळ चूक डीएनएतच, एक्झॉनच्या कडेला असते, पण नुसत्या डीएनए तपासणीत ती कधीकधी निसटते. घरात कुणाला हा आजार असेल, तर गाठीच्या तपासणीत आरएनएही पाहिलंय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.