टॉल्किनची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असं एम.ए.च्या निबंधात लिहू का? (इंदूर)

नका लिहू, खुद्द लेखकानंच हा अर्थ नाकारला आहे. इंग्रज लेखक टॉल्किनची ही जादूच्या अंगठीची कादंबरी, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५ मध्ये आली, म्हणून हिरोशिमा आठवतं खरं. पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन स्पष्ट म्हणतो की ही रूपककथा नव्हे, आणि अंगठीचं गूढ उलगडणारं प्रकरण १९३९ चं युद्ध सुरू होण्याआधीच लिहिलेलं होतं. तारखांतच बसत नाही! मी इथे इंदुरातच एम.ए.ला शिकवतो, दरवर्षी दोन-चार निबंधांत हीच चूक सापडते. रूपकात अर्थ ठरलेला असतो: नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि ते नाथच सांगून टाकतात. प्रतीकात मात्र अनेक अर्थ मावतात, आपल्या इंदूरच्या सराफा बाजारासारखे: दिवसा सोनं घ्यायला जा, रात्री गराडू (तळलेला कंद) खायला. अंगठीत सत्तेचा मोह आहे, व्यसन आहे, बाळगणाऱ्याचं हळूहळू झिजत जाणंही आहे. मात्र वाचकानं आपल्या काळाशी नातं जोडायला टॉल्किनची हरकत नव्हती. तेव्हा ‘मला इथे अणुबॉम्ब आठवतो’ असं, स्वतःचं वाचन म्हणून, खुशाल लिहा.