सॅन मारिनो 'लिंबूटिंबू' कसा?

फुटबॉलच्या बातम्यांत सॅन मारिनो, जिब्राल्टर, फेरो बेटं यांच्या नावाआधी 'लिंबूटिंबू' हे विशेषण हमखास लागलेलं दिसतं. इंग्रजी बातम्यांतल्या 'मिनोज'साठी हा बरोबर प्रतिशब्द आहे का, त्यात हिणवण्याचा भाव आहे का, आणि असेल तर त्याऐवजी काय म्हणावं, असं एका वाचकाने विचारलं आहे.

शब्द मला स्वतःला फार आवडतो. तरीही या संघांना तो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिणवलं जातं म्हणून नव्हे, कारण या शब्दात उलट मायाच आहे. अडचण अर्थाची आहे.

मुलांच्या खेळात एखादं धाकटं भावंड 'मलापण घ्या' म्हणून रडायला लागतं, तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते पळतं, ओरडतं, खेळल्याचं सुख त्याला पुरेपूर मिळतं. पण ते आउट झालं तरी आउट धरत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याने कुणाला शिवलं तरी तो गडी बाद होत नाही. कुठे याला 'कच्चा लिंबू' म्हणतात, कुठे 'दूधभात'. तिन्हींचा गाभा एकच: खेळात आहे, हिशोबात नाही. घडणीने हा शेजारीपाजारी, दगडबिगड यांच्या जातीचा अंशाभ्यस्त शब्द. 'टिंबू' यमकासाठी 'लिंबू'च्या मागे धावत येतो, थेट त्या धाकट्या भावंडासारखा.

म्हणजे लहान असणं हा या शब्दाचा मुख्य अर्थ नाही. मुख्य अर्थ आहे सूट. ही सूट आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये कुणाला मिळते?

११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरला विश्वचषक पात्रतेचा सामना होता, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिकन सामोआ. पासपोर्टच्या अटीमुळे अमेरिकन सामोआच्या ठरलेल्या २० खेळाडूंपैकी गोलरक्षक निकी सालापू हा एकटाच पात्र ठरला होता. तरुण संघातली मुलं घ्यावीत, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी कशीबशी जमवलेली पोरं मैदानात उतरली, त्यांत पंधरा वर्षांचीही होती. ऑस्ट्रेलियाच्या एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. सामना संपला तेव्हा धावफलकावर ३२-० दिसत होतं. मग अधिकाऱ्यांनी गोलांची पुन्हा मोजदाद केली, एक गोल चुकून जास्त लागल्याचं निघालं, आणि अधिकृत निकाल ३१-० असा नोंदला गेला.

माझ्या मते या एका फेरमोजणीत प्रश्नाचं सगळं उत्तर आहे. निकाल केव्हाच लागलेल्या सामन्यातला बत्तिसावा गोल खरा की खोटा, हे कुणीतरी बसून तपासलं. लिंबूटिंबूचे गोल कुणी मोजत नाही. इथे मोजले, तपासले, दुरुस्त केले, आणि तो आकडा आजही विक्रमांच्या यादीत आहे. सालापूला कसलीही सूट मिळाली नाही. पुढे नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असं हरवलं, तेव्हाही गोलपोस्टमध्ये तोच उभा होता. फिफाची मान्यता असलेल्या सामन्यांतला तो त्यांचा पहिला विजय. तोही तेवढ्याच काटेकोरपणे मोजला गेला.

आता एक जागा अशी सांगतो जिथे 'लिंबूटिंबू' अगदी चपखल बसतो. २०१८च्या विश्वचषकासाठी युरोपातले ५४ संघ सहा-सहांच्या नऊ गटांत खेळले. गटविजेते थेट पुढे गेले. नऊ उपविजेत्यांपैकी आठांना प्लेऑफची संधी होती आणि सर्वांत मागचा एक बाहेर पडणार होता. हा मागचा कोण, ते ठरवताना प्रत्येक गटात तळाला राहिलेल्या संघाविरुद्धचे सामने वगळले होते. स्लोव्हाकियाचे गटात १८ गुण झाले होते. त्यांच्या गटात तळाला माल्टा होता. त्याला दोनदा हरवून मिळवलेले ६ गुण गेले, उपविजेत्यांच्या तक्त्यात १२ उरले, आणि स्लोव्हाकिया बाहेर पडला. (न वगळताही तोच सर्वांत मागे होता, म्हणून क्रम काही बदलला नाही.) पण माल्टाकडे पाहा. ते दहा सामने खेळले, धावले, घाम गाळला, आणि या एका तक्त्यापुरतं 'तुमच्याशी झालेलं धरायचं नाही' असं नियमानेच ठरलं. हे खरं लिंबूटिंबूपण. आणि ते माल्टाने मागून घेतलेलं नव्हतं, हा फरक मला बोचतो. खेळात ते पोर आपण होऊन आत येतं. इथे पुरा खेळ खेळलेल्याला मागाहून हिशोबाबाहेर काढलं.

'मिनो' हा मुळात एक छोटासा मासा. इतर भाषांनीही आपापली चित्रं काढली आहेत. जर्मन लोक 'फुसबालत्स्वेर्ग' म्हणतात, म्हणजे फुटबॉलमधला बुटका. स्पॅनिश बातम्यांत गटातला सर्वांत दुबळा संघ म्हणजे 'सेनिसिएन्ता', आपली ओळखीची सिंड्रेला. फ्रेंचांचा शब्द मला सगळ्यांत भावतो. फ्रेंच चषकात उरलेल्या संघांपैकी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या क्लबला ते 'पती पूसे' म्हणतात. हा परीकथेतला अंगठ्याएवढा मुलगा, जो अकलेच्या जोरावर राक्षसाला फसवतो आणि भावंडांना घरी आणतो. मासा, बुटका, सिंड्रेला, अंगठ्याएवढा मुलगा. आकार लहान, नशीब खोटं, पण गोष्टीत प्रत्येकाची जागा पक्की. 'हा धरायचा नाही' असं यातला एकही शब्द म्हणत नाही. म्हणून 'मिनो'ला 'लिंबूटिंबू' हा प्रतिशब्द माझ्या लेखी बसत नाही.

मग काय म्हणावं? एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडला तर मराठीत तीन सरळ शब्द तयार आहेत, फक्त ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

'छोटा' हा शब्द देशाला लावावा, संघाला नाही. उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम ३५ लाखांच्या घरातली, पण १९३० आणि १९५० असे दोन विश्वचषक त्याच्या नावावर आहेत. क्रोएशिया सुमारे ४० लाखांचा, आणि २०१८ला अंतिम फेरीत. हे छोटे देश आहेत आणि दादा संघ आहेत. नोव्हेंबर २०२५मध्ये किंग्स्टनला जमैकाशी ०-० अशी बरोबरी करून क्युरसॉ २०२६च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. लोकसंख्या सुमारे दीड लाख, आजवर विश्वचषक गाठलेल्या देशांत सर्वांत लहान. 'छोटा देश' इथे नुसतं विशेषण नाही, तीच बातमी आहे.

'नवखा' म्हणजे पहिल्यांदा आलेला. १२ सप्टेंबर १९९०ला फेरो बेटांचा संघ आपला पहिलावहिला स्पर्धात्मक सामना खेळला. घरी गवताचं मैदान नव्हतं, म्हणून 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लांड्सक्रूनाला. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेनच्या डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी. समोर नुकताच विश्वचषक खेळून आलेला ऑस्ट्रिया. तोर्किल नीलसेनने गोल केला आणि फेरो १-० असे जिंकले. त्या दिवशी ते शंभर टक्के नवखे होते. आज पस्तीस वर्षांनी त्यांना नवखे म्हणणं चूक आहे.

'दुबळा' हा उरलेला शब्द, आणि तो प्रामाणिक आहे. सॅन मारिनो फिफाच्या क्रमवारीत तळाशी असतो. त्याला दुबळा म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. मात्र दुबळेपणा कायम सापेक्ष असतो, आणि हे क्लबांकडे पाहिलं की फार स्वच्छ दिसतं. ऑकलंड सिटी हा न्यूझीलंडचा क्लब ओशनियाच्या चॅम्पियन्स लीगचा १३ वेळचा विजेता आहे, म्हणजे त्या भागातला दादाच. तोच क्लब जून २०२५मध्ये क्लब विश्वचषकात बायर्न म्युनिककडून १०-० आणि बेन्फिकाकडून ६-० असा हरला. खेळाडूंपैकी बहुतेक नोकरदार, रजा टाकून आलेले. तिसऱ्या सामन्यात बोका ज्युनियर्स १-० पुढे होता, तोही ऑकलंडच्याच गोलरक्षकाकडून झालेल्या स्वयंगोलमुळे. उत्तरार्धात कॉर्नरवर शिक्षकी पेशातल्या ख्रिश्चन ग्रेने हेडर मारला आणि सामना १-१ सुटला. या संघाला 'लिंबूटिंबू' म्हणणं तर चूकच, पण नुसतं 'दुबळा' म्हणणंही अपुरं. त्यांच्यासाठी मराठीत अचूक शब्द आहे तो 'हौशी'. पोटासाठी दुसरं काही करणारा आणि खेळासाठी खेळणारा. 'हौशी'चा अर्थ अलीकडे 'कच्चा' असा घसरत चालला आहे, तो सावरायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

युरोपातल्या छोट्या लीगांच्या विजेत्यांसाठी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत २००९-१०पासून वेगळी वाट आहे. त्या वाटेवर विजेत्यांची गाठ विजेत्यांशीच पडते, मोठ्या लीगांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबांशी नाही. याच वाटेने २०२१मध्ये मोल्दोवाच्या लीगमधला शेरीफ तिरास्पोल गटसाखळीत पोचला आणि माद्रिदला जाऊन रेआल माद्रिदला २-१ असं हरवून आला. फेरो बेटांवरच्या सुमारे ५ हजार वस्तीच्या गावातला क्लाक्सविक २०२३ला याच वाटेने निघाला आणि त्याने बुडापेस्टमध्ये फेरेन्तस्वारोशला ३-० अशी धूळ चारली. या व्यवस्थेला कुणी 'लिंबूटिंबूंची सोय' म्हटलं तर मी जोरात हरकत घेईन. वाट वेगळी आहे, पण त्या वाटेवर हरलेला चॅम्पियन्स लीगमधून बाहेरच पडतो.

शेवटी क्रियापदांबद्दल, कारण माझ्या मते खरी मराठी सोय तिथेच आहे. 'रोखणे' पाहा. २०१८च्या विश्वचषकात आइसलँडने अर्जेंटिनाला १-१ असं बरोबरीत रोखलं; मेस्सीची पेनल्टी हाल्डोरसनने अडवली. बरोबरी दोघांची झाली, तरी 'अर्जेंटिनाने आइसलँडला रोखलं' असं कुणी लिहिणार नाही. मराठीत दुबळा रोखतो आणि बलाढ्य रोखला जातो. 'धक्का दिला', 'घाम फोडला', 'नाकीनऊ आणले' यांचंही तसंच. 'आइसलँडचा इंग्लंडला धक्का' एवढ्या तीन शब्दांत २०१६च्या युरो स्पर्धेतला तो २-१ निकाल, दोन्ही संघांची पत आणि लिहिणाऱ्याचं आश्चर्य, सगळं येतं. क्रियापद एवढं काम करत असताना देशाच्या नावाआधी विशेषणाचं लेबल चिकटवायची गरजच उरत नाही.

ही युक्ती फक्त एका ठिकाणी अडते, ते म्हणजे तळातले दोन संघ भिडतात तेव्हा. १८ नोव्हेंबर २०२४ला फाडुत्सला सॅन मारिनो एका गोलने मागे पडला आणि मग लिश्टेनस्टाइनला ३-१ असं हरवून नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेत तळाच्या श्रेणीतून वरच्या 'क' श्रेणीत गेला. इथे कुणी कुणाला रोखलं नाही, धक्काही दिला नाही. त्या दिवशी मी मथळा असा दिला असता: 'सॅन मारिनोची लिश्टेनस्टाइनवर मात, परक्या मैदानावर पहिला विजय'.