वाचकांचे प्रश्न : पॉइंटला चारशे घेतले आणि हातात काहीच उरलं नाही

प्रश्न : सर नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो, सीसीटीव्ही आणि नेटवर्क केबलिंगची कामं घेतो, सोबत दोन पोरं आहेत. मागच्या महिन्यात होटगी रोडला एका ऑफिसचं २४ पॉइंटचं (म्हणजे टेबलापाशी नेटवर्कची केबल नेऊन जोडायच्या २४ जागा) काम घेतलं, माल त्यांच्या बिलाने आणि लेबर पॉइंटला ४०० रुपये. चार दिवसात होईल असं वाटलं होतं पण सहा दिवस गेले, पोरांची मजुरी देऊन मला काहीच उरलं नाही. गावात सगळे ३५०-४०० च सांगतात, जास्त सांगितलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातंय. मग रेट काढायचा तरी कसा?

उत्तर : भाऊ, आधी तुमचाच हिशोब मांडू. २४ गुणिले ४०० म्हणजे ९,६०० रुपये, सहा दिवसांनी भागले की दिवसाला १,६०० आणि तेही तिघांत. यात तुमच्या गाडीचं पेट्रोल, ड्रिलचे बिट, शिडीचं भाडं काहीच धरलेलं नाही. तुम्ही काम वाईट केलं म्हणून हे झालं नाही, पॉइंटचा रेट आधी ठरवला आणि दिवस नंतर मोजले म्हणून झालं. मोजायचं उलट्या बाजूने असतं, आधी दिवस, मग त्यातनं पॉइंटचा रेट.

समजा तुमच्या तिघांचा दिवसाचा खर्च तुमची स्वतःची मजुरी धरून ३,५०० आहे, आणि स्वतःची मजुरी धरायचीच, मालक आहे म्हणून फुकट राबायचं नसतं. केसिंग (केबल झाकायची प्लास्टिकची पट्टी) मारून केबल ओढायला तीन दिवस, जॅक पंच करणं म्हणजे केबलच्या तारा सॉकेटात दाबून बसवणं, पॅच पॅनल (सगळ्या केबली जिथं येऊन जोडतात ती पट्टी), लेबल आणि टेस्टिंगला एक दिवस, शिवाय पहिल्यांदा साइट बघायला गेलेला वेळ आणि काम संपल्यावर "एक पॉइंट चालंना, येऊन जावा" म्हणून होणाऱ्या चकरा, हे मिळून अजून एक दिवस. पाच दिवसांचे १७,५०० झाले, २४ ने भागा, ७२९ येतात. म्हणजे नफा धरायच्या आधीच तुमचा पॉइंट ७३० ला पडतो आणि तुम्ही ४०० ला दिला. तुमचे आकडे वेगळे असतील पण रीत हीच ठेवा.

आणि पॉइंट-पॉइंटमध्ये फरक असतो हो. रॅकच्या (स्विच, पॅच पॅनल ठेवायचं कपाट) शेजारच्या टेबलाचा पॉइंट आणि दोन मजले चढून जाणारा पॉइंट एकाच रेटला कसा बसेल? नवी पेठेतल्या जुन्या वाड्यात दुकान असेल तर दगडी भिंतीला एक भोक पाडायला अर्धा तास जातो, बिट तुटतात ते वेगळे. फॉल्स सीलिंग असलेल्या नवीन ऑफिसात तेच काम झटक्यात होतं. म्हणून फोनवर रेट कधीच सांगू नका, मी हे स्वतःच्या पैशाने शिकलोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याचं काम मी फोनवरच पॉइंटच्या रेटने घेतलं होतं, जाऊन बघतो तर ऑफिस एका टोकाला आणि गोडाऊन दुसऱ्या टोकाला, केबलचा रस्ता भरला १४० मीटर. कॉपर केबलला मर्यादा १०० मीटरची, त्यातही ९० मीटर पक्की केबल आणि बाकीचे दोन्हीकडचे पॅच कॉर्ड, म्हणजे जोडायच्या छोट्या तयार केबली. फायबर टाकावी लागली, दोन्ही टोकांना फायबर घेणारे स्विच लागले, आणि शब्द दिला होता म्हणून तो सगळा खर्च मी सोसला. तेव्हापासून टेप घेऊन रस्ता पायी चालल्याशिवाय मी कोटेशन देत नाही. चालताना लाइटच्या वायरी कुठनं गेल्यात तेपण बघा, त्यांच्याच पाइपातनं डेटा केबल नेली तर नंतर त्रास तुम्हालाच.

माल तुमचा असेल तर मीटरचा हिशोब नीट करा. केबलचा बॉक्स ३०५ मीटरचा येतो. २४ पॉइंट, सरासरी ३५ मीटर, म्हणजे ८४०, त्यावर दहा टक्के वाया जाणारी धरली की ९२४. तीन बॉक्स म्हणजे ९१५, बघा, नऊ मीटरसाठी चौथा बॉक्स लागतोय. शिवाय प्रत्येक बॉक्सच्या शेवटी जो १५-२० मीटरचा तुकडा उरतो तो लांबच्या पॉइंटला पुरत नाही. केबल, जॅक, फेसप्लेट, भिंतीवरचा बॉक्स, केसिंग, रॅक, पॅच पॅनल, पॅच कॉर्ड सगळं वेगवेगळं लिहा आणि खरेदीवर १०-१५ टक्के ठेवा, माल आणण्यात आणि उद्या जॅक खराब निघाला तर बदलून देण्यात तुमचे पैसे जातात. माल तुमचा असेल तर निम्मे पैसे आधी घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळा असं कोटेशनवर स्पष्ट लिहा, नंतर सांगितलं की भांडण होतं. कंपनीचं मोठं काम असेल तर टीडीएस (आयकराची आधीच होणारी कपात) कापून पैसे येतात, तेही ध्यानात असू द्या.

आता "दुसऱ्याकडं जातंय" याबद्दल. जाऊ द्या. पण जाण्याआधी त्याला दाखवा की तुमच्या ७५०-८०० मध्ये काय काय आहे, प्रत्येक पॉइंटला दोन्ही टोकांना नंबर, टेस्टिंगचा कागद, कुठली केबल कुठून गेली त्याचा नकाशा, वर्षभर तुमच्या कामात दोष निघाला तर फुकट दुरुस्ती. जे ३५० ला करतात ते बहुतेक यातलं काहीच देत नाहीत. माझी दहातली चार गिऱ्हाइकं रेट ऐकून जातात, उरलेल्या सहांवर घर चालतं.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतंय केबल आम्हीच आणतो, तुम्ही फक्त लेबर घ्या. घ्यावं का? – एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : घ्या, पण केबल बघून. टोक सोलून तारेवर ब्लेड घासा, आतनं पांढरी दिसली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली आहे, सीसीए म्हणतात तिला. बॉक्स उचलूनही कळतं, हलका लागतो. ही केबल जॅकमध्ये पंच करताना तुटते, लांबच्या पीओई कॅमेऱ्याला (ज्याला वीजही नेटवर्क केबलमधूनच मिळते) व्होल्टेज पुरत नाही, गरमही होते, आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, पत्र्याखालनं गेलेल्या केबलचं काय होत असेल. अशी केबल असेल तर मी काम घेत नाही. चांगली असेल तर कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या की केबलमुळे दोष निघाला तर परत ओढायचे पैसे वेगळे. आणि केबलच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात, सुरवातीचा आणि शेवटचा आकडा फोटो काढून ठेवा, "माझी केबल कुठं गेली" हा प्रश्न आला तर तो फोटो दाखवायचा.