नाव तुझं, कंपनी त्यांची

अनेक आशीर्वाद.

शेठ तुला एका नव्या कंपनीत संचालक करू पाहतायत, हा तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. फोन केला असता, पण दिवसभर तू ऑफिसात असतेस आणि हे बोलणं तिथे कुणाच्या कानावर पडायला नको, म्हणून सविस्तर लिहितोय. उत्तर आधी देतो: सही करू नकोस. पॅन-आधारच्या झेरॉक्स दिल्या असशील तर ते मला कळव, त्याचं बघू. पण संचालक व्हायची संमती म्हणून डीआयआर-२ हा फॉर्म पुढे करतील, त्यावर तुझी सही होता कामा नये.

तुझे शेठ म्हणतात, ‘नुसतं नावाला, वर्षभरात काढून टाकू, पगारात पाच हजार वाढवून देतो.’ आणि कंपनी कशासाठी, तर टेंडरला तीन कोटेशनं लागतात म्हणून. हे तू किती सहज लिहून गेलीस! अगं, एकाच मालकाने तीन नावांनी दर भरायचे आणि वरून स्पर्धा झाली असं दाखवायचं, हाच मुळात गुन्हा आहे. संगनमताने बोली लावण्याला स्पर्धा कायदा, 2002 मध्ये थेट मनाई आहे, आणि सरकारी टेंडर असेल तर फसवणुकीचा फौजदारी गुन्हा वेगळा. म्हणजे कंपनी पुढे काय करेल हा प्रश्नच नाही. ती जन्माला घालतायत तीच त्यासाठी.

तूच का? बायको, भाऊ, मेहुणा यांची नावं आधीच कुठे ना कुठे वापरून झालेली असतात. तुझा पॅन कोरा आहे, कर्ज नाही, नोटीस नाही, शिवाय तू हाताखालची, नाही म्हणताना चाचरणारी. पांढरपेशा गुन्ह्याला पैशाच्याही आधी असं एक स्वच्छ नाव लागतं. लोक आपल्या ठेवी जपतात, ओटीपी जपतात, आणि नाव मात्र कुणी चहा पाजून मागितलं तरी देऊन टाकतात.

दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाचं प्रकरण आठवतंय ना? जानेवारी 2025 मध्ये दुकानासमोर लोकांची झुंबड उडाली होती. मॉयसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे, खडे घ्या, दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी योजना. भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळ्यांनी पैसे घातले होते. आठवड्याला पाच-सहा टक्के कुठल्या धंद्यात सुटतात, हा हिशेब तुझ्यासारखीला सांगायला नको. मी तुला दुसरी गोष्ट दाखवतोय. पोलीस ज्यांना सूत्रधार म्हणतात ते परदेशी नागरिक तोवर देशाबाहेर गेले होते. सुरुवातीलाच अटक झाली त्यांच्यात कंपनीचा इथलाच एक संचालक होता. खटल्यात काय ठरायचं ते ठरेल, पण पहिल्या दिवशी पोलीस कोणाच्या दारात जातात ते लक्षात घे. ज्याचं नाव कागदावर असतं त्याच्या.

कायदा तुला थोडाफार माहीत आहे, तरी एकदा उजळणी कर. कंपनी कायदा, 2013 चं कलम 447: फसवणूक 10 लाख किंवा उलाढालीच्या 1 टक्का, यांतल्या कमी रकमेइतकी असली तरी पुरे, 6 महिन्यांपासून 10 वर्षांपर्यंत कैद. त्यात जनहित गुंतलेलं असेल तर किमान 3 वर्षं. खासगी कंपनीकडून आयकर किंवा जीएसटी वसूल होत नसेल तर तो संचालकाच्या खिशातून वसूल करता येतो. आपला हलगर्जीपणा नव्हता हे संचालकाने सिद्ध करायचं. आणि सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत तर पाच वर्षांसाठी अपात्र. 2017 मध्ये सरकारने याच कारणावरून लाखो संचालकांना एका फटक्यात अपात्र ठरवलं, तेव्हा ‘मी फक्त नावाला होतो’ म्हणणारे आपल्या सीए ऑफिसातही रांगेने आले होते. त्यात ड्रायव्हर होते, शेठची वहिनी होती, एक तर सोसायटीचा वॉचमन. तो वॉचमन मला विचारत होता, ‘साहेब, डायरेक्टर होतो तर मला पगार का नाही मिळाला?’ काय उत्तर देणार?

डीएससीचंही, म्हणजे डिजिटल सहीचंही, तसंच. तू माझ्याकडे होतीस तेव्हाचा आपल्या ऑफिसातला तो खालचा खण आठवत असेल: पारदर्शक पिशव्यांत ती सही साठवलेली पेनड्राइव्हसारखी टोकन, प्रत्येकावर क्लायंटच्या नावाची चिठ्ठी, आणि निम्म्यांचा पासवर्ड एक ते आठ. सोयीचं होतं खरं, आणि सगळीच ऑफिसं तसं करतात, पण विचार कर. ते टोकन म्हणजे त्या माणसाची सही, आणि ती सही कुणाही शिकाऊ आर्टिकलच्या हाताला लागेल अशी पडलेली. तुझं टोकन कुणाच्या खणात ठेवू नकोस. बँकेचं चेकबुक सह्या करून ठेवून जा, असं सांगणारा साहेब कितीही सज्जन असो, नाही म्हण.

आता नोकरीतलं. तू म्हणशील, मी संचालक नाही, मला काय? सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचं बघ. तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड मुळात नव्हतीच. बँकेच्या ठेवपावत्या बनावट, हजारो बिलं बनावट. एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या कोर्टाने दहा जणांना सात-सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यात राजू बंधू आणि बाहेरचे लेखापरीक्षक होतेच, पण वित्त विभागात नोकरी करणारेही होते, आणि अंतर्गत लेखापरीक्षण बघणाराही. अपिलात शिक्षेला पुढे स्थगिती मिळाली, ते सोड. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून एंट्री टाकली’ एवढ्यावर खालची माणसं सुटली नाहीत, हे तुझ्या टेबलापुरतं महत्त्वाचं.

म्हणून टेबलावर आलेला कागद वाचायला शीक. मार्चएंडला एकदा भंगाराच्या खरेदीचं बिल माझ्यापुढे आलं होतं, बारा टन माल. बिल सुरेख, जीएसटी नंबर चालू, पेमेंट आरटीजीएसने. ई-वे बिलावरचा, म्हणजे मालवाहतुकीच्या परवान्यावरचा, गाडी नंबर सहज टाकून पाहिला तर ती स्कूटर निघाली. बारा टन भंगार स्कूटरवरून! माल आलाच नव्हता. नुसतं बिल आलं होतं, इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेण्यासाठी, आणि आरटीजीएसने गेलेले पैसे कमिशन कापून रोखीने परत. तेव्हा बिलाची बेरीज तपासून थांबू नकोस. माल कुठल्या गाडीतून आला, वजनकाट्याची पावती कुठे, गेटच्या रजिस्टरला नोंद आहे का, गोदामात कुणी उतरवून घेतला, हे विचार. बँक बॅलन्सचं पत्र बँकेकडूनच थेट मागव, अकाउंटंटने आणून दिलेल्या पीडीएफवर विसंबू नकोस. मागच्या तारखेचं व्हाउचर करायला सांगितलं तर ‘मेलवर टाकता का सर?’ एवढंच विचार. बहुतेक वेळा मेल येत नाही आणि व्हाउचरही करावं लागत नाही.

बाबांच्या ग्रॅच्युइटीचं विचारलंयस. एक टक्का जादा मिळतो म्हणून सगळी रक्कम पतसंस्थेत टाकायला निघालेत, तर त्यांना अडव. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. एका बँकेत एका माणसाला व्याज धरून 5 लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. हा विमा आला तोसुद्धा बँका बुडाल्यावर: 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक गेली, तेव्हा. मुंबईची पीएमसी ही सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा, सप्टेंबर 2019 मध्ये, ही मर्यादा 1 लाखच होती. एकाच बिल्डर समूहाला दिलेलं हजारो कोटींचं कर्ज लपवायला तिथे 21,049 बनावट खाती दाखवली होती. तिथेही नावंच, बघ. रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून 1,000 रुपये काढायची मुभा दिली. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावरही मोठ्या ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत बांधले गेले. बाबांना ही एवढीच हकिकत सांग, व्याजदराचं भाषण नको.

शेठना नाही कसं म्हणायचं, ही तुझी खरी अडचण आहे, मला कळते. भांडू नकोस, कायदा शिकवू नकोस. माझ्यावर ढकल: ‘सरांना विचारलं, ते नको म्हणाले.’ माझ्याशी त्यांचा काही व्यवहार नाही, मला काय फरक पडतो? तोंडी बोलून झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवरही दोन ओळी टाक, की संचालक व्हायला मी तयार नाही, माझी कागदपत्रं कुठल्याही कंपनीसाठी वापरू नयेत. त्याचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेव. कंपनीच्या फायली मात्र पेनड्राइव्हवर घालून घरी आणू नकोस, त्याने तूच अडचणीत येशील. कधी काय सांगितलं गेलं याची तारीखवार नोंद आपल्या वहीत पुरे. यावरून नोकरी गेली तर जाऊ दे, महिन्याभरात दुसरी बघू. चाकणपासून भोसरीपर्यंत ओळखीचे बरेच आहेत.

आणि हो, झेरॉक्स आधीच दिल्या असतील तर जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च बाय पॅन’मध्ये तुझा पॅन टाक. लॉगिन लागत नाही. तुझ्या नावाने कुठे नोंदणी निघालीय का ते तिथे दिसेल. मग आयकराच्या साइटवर तुझं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा, उघड, न केलेले व्यवहार त्यात आहेत का बघ, आणि नावावरची कर्जं दाखवणारा सिबिलचा रिपोर्टही काढ. काही वावगं दिसलं तर शेठना आधी विचारायला जाऊ नकोस, मला फोन कर. शनिवारी दुपारनंतर मी ऑफिसातच आहे.

तुझे,
सर