वाचकांचे प्रश्न : मीठ बाहेर टाकणारा बर्फ

प्रश्न : तळे वरून गोठते आणि तळाशी 4 अंश सेल्सिअसचे पाणी राहते, असे शाळेत शिकलो. मग महासागराच्या तळाशी त्याहून थंड, काही ठिकाणी शून्याखालचे पाणी कसे?

उत्तर : चार अंशांचा नियम गोड्या पाण्यापुरता. पाण्यात मीठ वाढत गेले की ज्या तापमानाला ते सर्वांत जड असते, ते तापमान खाली सरकते. गोठणबिंदूही सरकतो, पण सावकाश. क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) दर हजारी 24.7 झाली की दोन्ही एकत्र येतात. महासागराची क्षारता 34-35, म्हणजे या सीमेच्या बरीच पुढे. समुद्राचे पाणी −1.9 अंशाला गोठते आणि तोवर जडच होत जाते. गार झालेले पाणी तळ्याप्रमाणे वर तरंगत राहत नाही, ते खाली जाते.

प्रश्न : बर्फ तर तरंगतो. मग तो तयार झाल्याने पाणी बुडते, ते कसे?

उत्तर : बुडतो तो बर्फ नव्हे, त्याने नाकारलेले मीठ. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. गोठताना मीठ उरलेल्या पाण्यात ढकलले जाते. थोडे खारे पाणी स्फटिकांच्या फटींत अडकते, त्याच्या बारीक नळ्या होतात आणि त्यांतून ते हळूहळू खाली निथळते. म्हणून एका हिवाळ्यात तयार झालेल्या सागरी बर्फाची क्षारता दर हजारी 4 ते 6 एवढीच भरते.

हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मीटर जाड बर्फ म्हणजे सुमारे 920 किलो. मूळ पाण्याची क्षारता 34.5 आणि बर्फात राहिलेली 6 धरली, तर जवळपास 26 किलो मीठ खाली सुटते. खाली 500 मीटर पाणी असेल आणि हे मीठ त्यात सारखे मिसळले, तर क्षारता वाढते जेमतेम 0.05.

हा आकडा किरकोळ वाटेल, पण शून्य अंशाचे समुद्राचे पाणी −1.9 अंशापर्यंत गार केले तर त्याचे वजन घनमीटरमागे 70-80 ग्रॅमच वाढते. क्षारता 0.1 ने वाढवली तरी तेवढेच वाढते. म्हणजे दोन मीटर बर्फाने सोडलेले मीठ त्या सगळ्या गारठ्याच्या तोडीचे. शिवाय पाणी −1.9 ला पोचले की हवा कितीही थंड असो, पृष्ठभागावर ते आणखी गार होत नाही. मीठ मात्र वाढवत राहता येते. ‘थंड पाणी जड, म्हणून बुडते’ एवढ्यावर थांबणारे स्पष्टीकरण त्यामुळे ध्रुवाजवळ अपुरे पडते.

प्रश्न : असे असेल तर अंटार्क्टिकाभोवती बर्फ होतो तिथे सगळीकडेच तळाशी जाणारे जड पाणी तयार व्हायला हवे. ते मोजक्याच ठिकाणी का होते?

उत्तर : कारण बर्फ स्वतःच स्वतःची वाढ रोखतो. मीटरभर बर्फाच्या वर हवा −22 अंश असेल, तर त्यातून दर चौरस मीटरमागे सुमारे 40 वॅट उष्णता बाहेर जाते, आणि खालून दिवसाला सेंटिमीटरभर नवा बर्फ धरतो. त्यातला बराचसा उन्हाळ्यात तिथेच किंवा जवळपास वितळतो आणि गोडे पाणी परत देतो. जमाखर्च जवळपास बरोबरीत.

खरा कारखाना म्हणजे पोलिन्या : गोठलेल्या समुद्रात उघडे राहिलेले पाणी. अंटार्क्टिकाच्या हिमपठारावरून थंड, जड हवा उताराने घरंगळत किनाऱ्यावर येते आणि नुकता धरलेला बर्फ समुद्राकडे लोटते. उघड्या पाण्यातून चौरस मीटरमागे 300 वॅट किंवा अधिक उष्णता जाते, म्हणजे दिवसाला सुमारे 8 सेंटिमीटर बर्फ. आधी सुयांसारखे, चकत्यांसारखे बारीक स्फटिक पाण्यात घुसळत राहतात, वारा त्यांचे लांब पट्टे करतो, पुढे थाळ्यांसारखे तुकडे जमतात आणि वाहून जातात. जागा पुन्हा मोकळी. बर्फ दुसरीकडे जाऊन वितळतो, मीठ इथेच राहते. रॉस समुद्रातला टेरा नोव्हा उपसागर, वेडेल समुद्र, अडेली किनारा आणि केप डार्नली ही अशी ठिकाणे.

ही घडी किती नाजूक आहे, ते अडेली किनाऱ्यावर दिसले. मर्ट्झ हिमनदीची समुद्रात घुसलेली जीभ पूर्वेकडून वाहत येणारा बर्फ अडवून धरत होती, म्हणून तिच्या पश्चिमेला पाणी उघडे राहायचे. फेब्रुवारी 2010 मध्ये एक प्रचंड हिमनग तिच्यावर आदळला आणि जीभ तुटली. आडोसा गेला, पोलिन्याची बर्फनिर्मिती घटली आणि तिथले जड पाणी पूर्वीइतके खारे राहिले नाही.

प्रश्न : हे पाणी थेट तळाशी जाते का?

उत्तर : नाही. आधी ते समुद्रबूड जमिनीवरच्या, म्हणजे खोल समुद्र सुरू होण्याआधीच्या किनाऱ्यालगतच्या तळावरच्या, खळग्यांत साठते. अंटार्क्टिकाची समुद्रबूड जमीन जगात इतरत्र असते त्यापेक्षा बरीच खोल, साधारण 500 मीटरवर, आणि अनेक ठिकाणी ती किनाऱ्याच्या दिशेने उतरत जाते. खळगा भरला की पाणी काठावरून सांडते आणि खंडान्त उताराला, म्हणजे तिथून खोल समुद्राकडे जाणाऱ्या उताराला, लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात ते डावीकडे वळते, त्यामुळे सरळ न कोसळता उतारावरून तिरके घसरते. वाटेत आजूबाजूचे किंचित उबदार पाणी त्यात ओढले जाते. तळाशी पोचते ते हे मिश्रण, मूळ पाण्यापेक्षा आकारमानाने बरेच मोठे आणि थोडे उबदार.

काही पाणी मात्र आधी किनाऱ्याला जोडलेल्या तरंगत्या जाड हिमथराखाली शिरते. दर 1000 मीटर खोलीला गोठणबिंदू 0.75 अंशाने उतरतो, त्यामुळे −1.9 अंशाचे ‘थंड’ पाणीही तिथला बर्फ वितळवू शकते. त्यातून निघालेले पाणी −2 अंशांहूनही थंड असते. क्षारता थोडी कमी झालेली असली तरी थंड पाणी दाबाखाली जास्त आकसते, म्हणून खोल जाता जाता त्याचे पारडे जड होत जाते.

प्रश्न : आर्क्टिकमध्येही असेच होते का?

उत्तर : काही जागी, उदाहरणार्थ नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांजवळच्या स्टोरफ्योर्डमध्ये. पण आर्क्टिक महासागरात मोठ्या नद्यांचे गोडे पाणी वरच्या थरात पसरलेले असते, आणि बर्फाने सोडलेले मीठ बहुतेक करून पहिल्या दोनेकशे मीटरांतच अडकते. उत्तर अटलांटिकचे खोल पाणी मुख्यतः आधीच खारे असलेले पाणी गार झाल्याने बनते. दोन्ही ध्रुवांवर एकसारखे खाली जाणारे बाण काढलेली चित्रे याबाबतीत दिशाभूल करतात.

प्रश्न : घरी प्रयोग करता येईल का? मी खारे पाणी गोठवले, पण बर्फही खारटच लागला.

उत्तर : तुम्ही बहुधा सगळेच गोठवलेत. घरचा फ्रीझर −18 अंशांचा असतो आणि मिठाचे द्रावण पुरते गोठायला −21 अंश लागतात, त्यामुळे खारे पाणी ठोकळ्यातल्या फटींत द्रवरूपातच कोंडले गेले. असे करा : 965 ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, फ्रीजमध्ये रात्रभर गार करा. मग दहा सेंटिमीटर खोल डब्यात ओतून डब्याच्या बाजू आणि बूड थर्माकोलने झाका, वरची बाजू उघडी ठेवा, म्हणजे समुद्रासारखे वरूनच गोठेल. घड्याळ न पाहता थर पाहा. तिसरा हिस्सा गोठला की बर्फ काढून चाळणीवर मिनिटभर निथळू द्या. वितळलेल्या बर्फाचे आणि उरलेल्या पाण्याचे प्रत्येकी 100 ग्रॅम वेगवेगळे आटवा. सुरुवातीला 100 ग्रॅममध्ये 3.5 ग्रॅम मीठ होते. उरलेल्या पाण्यात ते 4 ग्रॅमच्या वर गेलेले दिसावे, बर्फात बरेच कमी.

शेष पाण्यात शाईचा थेंब टाकून ते 35 ग्रॅमच्या ताज्या द्रावणात पेल्याच्या कडेने हळू सोडले, तर रंगीत पट्टा तळाशी जाऊन पसरतो. फक्त आधी दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर बुडवले थंडीने की मिठाने, हे कळणार नाही.