बोर्ड लिहिण्याआधी कर्ता बघ

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण लगेच रिप्लाय केला नाही, कारण हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये. तू म्हणतेस शनिवारी लंडनमध्ये गाझासाठीच्या मोर्चाला जायचंय, बोर्ड लिहायला घेतलास आणि हॉस्टेलमधली कुणीतरी म्हणाली की तिथे जाणारे सगळे ज्यूद्वेष्टे असतात, तेव्हापासून हात थांबलाय. जा तू. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार इस्रायलच्या हल्ल्यांत ६० हजारांहून जास्त माणसं गेलीत, त्याबद्दल बोलावंसं वाटणं हा काही द्वेष नाही. फक्त बोर्डवरच्या वाक्याचा कर्ता कोण आहे ते नीट बघ. शाळेतलं व्याकरण आहे, पण या विषयात बरंचसं तिथेच ठरतं.

मला हे कसं कळलं ते सांगते. १९८२ चा सप्टेंबर, मी एका पेपरात नुकतीच लागलेली. बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली, रात्री उशिरा तारा येत होत्या आणि मी रागाच्या भरात हेडिंग दिलं, 'ज्यूंनी केली निर्वासितांची कत्तल'. कुणी अडवलं नाही, छापून आलं. पुढच्या रविवारी अलिबागला घरी गेले तर शेजारच्या मावशी, आमच्या इस्रायल आळीतल्या मराठी ज्यू, तो पेपर घडी घालून घेऊन आल्या. त्यांच्याकडचा मलिदा खाऊन मी लहानाची मोठी झाले, पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर केळ्याचे काप. त्यांनी 'ज्यूंनी' या शब्दावर बोट ठेवलं, तेलाने काळं पडलेलं नख होतं, आणि म्हणाल्या, "पोरी, आमच्यातलं कोण गेलं होतं गं बैरूतला?" आवाज चढवला नाही की काही नाही. मला उत्तर देता आलं नाही.

नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की हेडिंग खोटंही होतं. मारणारे लेबनॉनमधले फालांजिस्ट होते, ख्रिश्चन मिलिशिया. छावण्यांना वेढा इस्रायली सैन्याचा होता, यांना आत सोडलं ते त्यांनीच, आणि संरक्षणमंत्री होते एरियल शेरॉन. म्हणजे खरं वाक्य लिहिलं असतं तर ते जास्त झोंबलं असतं, त्यात नाव होतं, पद होतं, जबाबदारी होती. आणि कत्तलीनंतर आठवड्याभरातच इस्रायलमधल्या तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आयोजक चार लाखांचा आकडा सांगत होते, त्यात बहुतेक ज्यूच, स्वतःच्या सरकारला जाब विचारायला आलेले, तेही लढाई चालू असताना. त्यातून चौकशीसाठी काहान आयोग नेमला गेला, फेब्रुवारी १९८३ मध्ये आयोगाने शेरॉनना व्यक्तिशः जबाबदार धरलं आणि त्यांना संरक्षण खातं सोडावं लागलं. माझ्या हेडिंगने या लाखो माणसांनाही आरोपी करून टाकलं होतं.

आपल्या बेने इस्रायलींचंच, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचंच बघ ना. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून शनिवार तेली. इस्रायलला गेल्यावर तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, तर हे लोक आंदोलनाला उतरले आणि १९६४ मध्ये त्यांची बाजू मान्य करायला लावली. इस्रायलच्या सत्तेशी भांडलेली ही मराठी बोलणारी ज्यू माणसं, त्यांना कोण ज्यूद्वेष्टं म्हणणार?

त्यामुळे कुणी सरकारवरच्या टीकेला सरसकट ज्यूद्वेष म्हणालं तर घाबरू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहूंवर वॉरंट काढलं तेव्हा त्यांच्या कार्यालयाने तोच शब्द वापरला होता. मला हे फार वाईट वाटतं, कारण तो शब्द असा ढाल म्हणून वापरला की खरी वेळ येते तेव्हा लोक ऐकत नाहीत. आणि खरी वेळ येते गं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रशियातल्या माखाचकालाच्या विमानतळावर तेल अवीवहून विमान येतंय कळल्यावर जमाव धावपट्टीवर घुसला, बाहेर गाड्या थांबवून लोकांचे पासपोर्ट तपासत होते, ज्यू कोण ते शोधायला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तुझ्याच देशात, म्हणजे आत्ता तू राहतेस त्या देशात, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, योम किपूर या त्यांच्या सगळ्यात पवित्र उपासाच्या दिवशी हल्ला झाला, प्रार्थनेला आलेल्यांपैकी दोघे गेले. त्या माणसांनी गाझात काय केलं होतं?

मोर्चात कुणी 'ज्यूंचा पैसा जग चालवतो' टाइप काही ओरडलं, किंवा तेच जुनं, ज्यूंऐवजी 'झायनिस्ट' (ज्यूंचा स्वतःचा देश असावा असं मानणारे) शब्द लावून म्हटलं, तर तिथून बाजूला हो, जमलं तर तोंडावर सांग. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने, गाझातल्या सशस्त्र संघटनेने, इस्रायलमध्ये घुसून साधारण १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्याचं कुणी कौतुक करत असेल तरी तेच. आणि तुझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीलाही हेच लागू आहे, सगळ्या गाझाला हमास म्हणणं चालणार नाही. आपल्याकडच्या ग्रुपवर तर एकच माणूस सकाळी हिटलरची तारीफ करतो आणि संध्याकाळी मुसलमानांवरच्या रागापोटी इस्रायलचा जयजयकार, त्याला ज्यू माणसाशीही काही देणंघेणं नाही आणि गाझातल्या पोराशीही नाही.

एक राहिलं. तुझ्या वर्गात ती ज्यू मुलगी आहे म्हणालीस. तिला भेटल्या भेटल्या 'नेतान्याहूबद्दल तुझं काय मत' असं विचारू नकोस. तिने आधी निषेध करावा आणि मग आपण तिच्याशी बोलावं, असली अट तिला का? मत असेल तर सांगेल ती, तिच्या वेळेने. शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होत असेल, तेव्हा बुधवारी-गुरुवारी जेवायला बोलाव, साधं वरणभात कर.

बोर्डवर काय लिहितेस ते मला आधी पाठव, रात्री जागीच असते मी.